साथीचे भाकीत: गणित की घटमांडणी?

दरवर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ गावी घटमांडणीचे भाकीत सांगितले जाते. पाऊस कसा पडेल, पिके कशी येतील, रोगराई होईल की नाही, ह्याची ती वार्ता थोड्याच वेळात जळगाव-धुळ्याच्या घराघरांत पोचते. सुशिक्षित मंडळी तिला हसतात आणि हसता हसता ती वाचतातही. ह्या हसण्याविषयी आमची तक्रार नाही. आमची तक्रार त्याच मंडळींच्या दुसऱ्या एका बोलण्याविषयी आहे. २०२० व २०२१ ह्या वर्षांच्या करोनाच्या साथीत गणितज्ञांनी मृत्यूंची जी भाकिते केली ती फसली, सबब गणित आणि घटमांडणी ह्यांत वस्तुतः काही अंतर नाही, असे एक मत वकिलांच्या खोलीपासून प्राध्यापकांच्या बैठकीपर्यंत आता बिनदिक्कत मांडले जाते. हे मत चुकीचे तर आहेच, परंतु पुढच्या साथीत ते घातक ठरणारे आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम आक्षेपकांच्या बाजूने जेवढे सांगता येईल तेवढे सांगून टाकू. २४ एप्रिल २०२० रोजी दिल्लीच्या सरकारी वार्तापरिषदेत नीति आयोगाच्या सदस्यांनी एक आलेख दाखविला. त्यातील वक्ररेषा १६ मे रोजी शून्यास टेकत होती. प्रत्यक्षात १६ मे उजाडला तेव्हा देशात रोज चार हजारांच्या आसपास नवे रुग्ण सापडत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने साथीचा कळस सप्टेंबरातच होऊन गेला असून फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती आटोपेल असे सांगितले. पुढे एप्रिल २०२१ च्या आरंभी ‘सूत्र’ नावाच्या प्रतिमानाच्या कर्त्यांनी दुसऱ्या लाटेचा कळस महिन्याच्या मध्यास, दररोज सुमारे एक लाख रुग्णांवर होईल असे अनुमान केले. कळस झाला तो मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि आकडा चार लाखांच्या वर गेला. ह्या तीन भाकितांवर विसंबून ज्याने खाटा व प्राणवायू ह्यांची तजवीज ठरविली असेल त्याच्या पदरी काय आले, हे सांगावयास नको.

इतके मान्य केल्यावर प्रश्न असा की, ह्या तिन्ही प्रसंगी फसले ते काय? आक्षेपक म्हणतात, गणित फसले. आमचे म्हणणे असे की, गणिताच्या अंगचा जो सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे आपल्याच उत्तराविषयीची शंका मोजण्याची शक्ती, तोच भाग वेशीबाहेर ठेवून उरलेला आकडा तेवढा लोकांपुढे मिरविण्यात आला. संभाव्यताशास्त्र ‘इतके मरतील’ असे सांगत नाही; ते ‘अमुक अटी खऱ्या असतील तर मृत्यू बहुधा ह्या मर्यादेपासून त्या मर्यादेपर्यंत होतील’ असे सांगते. ह्या वाक्यातून अट काढली, मर्यादा काढल्या, ‘बहुधा’ काढले, म्हणजे मागे जे राहते ती निःसंशय घटमांडणी होय. परंतु ती गणिताने केलेली नसून गणिताचे हातपाय तोडणाऱ्यांनी केलेली आहे.

हा भेद स्पष्ट होण्यासाठी एक जुने उदाहरण घेऊ. ते आपल्या मुंबईचेच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला. त्याची दहशत खानदेशाच्या भाषेतही मुरली. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेत ‘पिलोक’ ह्या नावाने तो आजही भेटतो. मुंबईत तो दर हिवाळ्यात उसळी घेई आणि उन्हाळ्यात ओसरे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ ह्या अवधीत मुंबई बेटावर दर आठवड्यास किती माणसे प्लेगने दगावली ह्याची नोंद उपलब्ध होती. हीच नोंद वीस वर्षांनंतर दोन स्कॉटिश संशोधकांनी हाती घेतली. एक कर्मॅक, जे प्रयोगशाळेतील स्फोटात १९२४ साली अंध झाले होते, आणि दुसरे मॅकेंड्रिक, ज्यांची उमेद हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत गेली होती. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात समाजाचे तीन भाग कल्पिले आहेत: ज्यांस लागण होऊ शकते ते, ज्यांस लागण झाली आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून ह्या व्यवहारातून बाहेर पडले ते. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या वेगाने जातात, ह्याची समीकरणे त्यांनी मांडली आणि त्यांवरून निघालेली घंटेच्या आकाराची रेषा मुंबईच्या मृतांच्या ठिपक्यांवर बसवून दाखविली. ती इतकी चपखल बसली की आजही साथींच्या गणिताच्या अभ्यासकास पहिल्या काही धड्यांतच तिचे दर्शन घडते. करोनाच्या काळात जगभर जी प्रतिमाने वापरली गेली त्यांतील बहुतेकांचे कुळ ह्याच निबंधाशी जाऊन पोचते.

आता मौज पाहा. रेषा बसली, परंतु तिचा अर्थ मात्र बसला नाही. त्या समीकरणांप्रमाणे साथ ओसरते ती जळण संपते म्हणून. म्हणजे लागण होण्याजोगी माणसे पुरेशी उरत नाहीत म्हणून. मुंबईचा प्लेग ओसरला तो ह्या कारणाने नव्हे. तो मुळात उंदरांचा रोग, माणसापर्यंत पिसवांनी आणलेला. आणि त्याची भरती-ओहोटी ऋतुमानावर अवलंबून होती. सुमारे दहा लाखांच्या वस्तीत त्या हंगामात नऊ हजारांच्या आसपास माणसे मेली. एवढ्याने शहरातील जळण संपले असे कोण म्हणेल? कोणी त्या सुबक रेषेवर भिस्त ठेवून ‘आता प्लेग परतणार नाही’ असे सांगितले असते तर पुढच्याच हिवाळ्याने त्यास खोटे पाडले असते. २०१२ साली निकोला बकाएर ह्या फ्रेंच गणितज्ञाने ही विसंगती तपशिलाने दाखविली. तथापि मूळ ग्रंथकारांचा प्रामाणिकपणा असा की, आपण धरलेली गृहीतके ह्या साथीस काटेकोरपणे लागू नाहीत आणि म्हणून हे समीकरण फार तर स्थूल अनुमान समजावे, असे त्यांनी स्वतःच त्या निबंधात लिहून ठेवले आहे. शंका निबंधात होती. पुढे ती वाचण्याचे कष्ट किती जणांनी घेतले हा प्रश्न वेगळा.

ह्या उदाहरणातून एक धडा निघतो. झालेल्या मृत्यूंवर रेषा बसविणे निराळे आणि होणाऱ्या मृत्यूंवर ती ताणणे निराळे. भाकितातील अनिश्चितता एका जातीची नसते. पहिली जात यदृच्छेची: आरंभीचे चार रुग्ण घरी बसले की लग्नाच्या पंगतीत गेले, ह्यावर सगळ्या गावाचे भवितव्य वळते. दुसरी अज्ञानाची: रोग किती वेगाने पसरतो हे आरंभी कोणासच नेमके ठाऊक नसते. तिसरी आकृतीची: आपण मांडलेले चित्रच चुकीचे असू शकते, जसे मुंबईच्या प्लेगाचे होते. आणि चौथी मनुष्यस्वभावाची: भाकीत ऐकून माणसे आपले वागणे बदलतात आणि त्यायोगे भाकितच बदलते. वादळाचा अंदाज ऐकून वादळ आपली दिशा बदलत नाही. साथ मात्र बदलते.

दुसऱ्या जातीची अनिश्चितता किती मोठी असू शकते, हे शाळेतल्या गणिताने दाखविता येते. एखाद्या तालुक्यात आज एक रुग्ण आहे आणि रुग्ण दर पाच दिवसांनी दुप्पट होतात असे समजा. साठ दिवसांत बारा वेळा दुप्पट होऊन संख्या ४,०९६ होईल. दुप्पट होण्यास पाचाऐवजी सात दिवस लागतात असे धरा. साठाव्या दिवशी संख्या ३८० च्या आसपास राहील. पाच दिवस की सात, हे आरंभीच्या पंधरवड्यात, तपासण्या तुटपुंज्या असताना, कोणता धन्वंतरी छातीठोक सांगू शकेल? आणि ह्या दोन दिवसांच्या फरकाने उत्तरात सुमारे अकरा पटींचा फरक पडतो. असे असता जो एकच आकडा सांगतो तो गणित जाणत नाही, किंवा जाणून लपवितो. आणि ‘अकरा पटींचा फरक म्हणजे काहीच न सांगणे’ असे जो म्हणतो त्यास हे कळत नाही की, अनिश्चितता इतकी मोठी आहे हेच त्या घटकेचे सर्वांत उपयुक्त ज्ञान असते.

आता आमच्या जळगावाकडे येऊ. २०२० च्या मे-जून महिन्यांत जळगाव जिल्ह्याचे नाव देशभर गाजले. नोंदलेल्या करोना रुग्णांपैकी शेकडा दहाहून अधिक येथे मृत्यू पावत होते. देशाचे प्रमाण तेव्हा शेकडा तीनच्या आसपास होते. ‘जळगावात विषाणूच निराळा आहे’ इथपासून ‘इथले लोकच तसे’ इथपर्यंत सर्व प्रकारची मुक्ताफळे उधळली गेली. वस्तुतः शेकडेवारी हा भागाकार आहे, आणि भागाकारात अंशाइतकाच छेदही महत्त्वाचा असतो. एका गावी हजार माणसांस लागण होऊन दहा मेली, तर प्रमाण शेकडा एक. त्याच गावी तपासणी फक्त अत्यवस्थ शंभरांचीच झाली आणि मेलेले दहाही त्यांतलेच निघाले, तर प्रमाण शेकडा दहा. विषाणू तोच, माणसे तीच, मृत्यू तितकेच. बदलला तो छेद. साथीच्या प्रारंभी जळगावात तपासणीची प्रयोगशाळा नव्हती. घशातील नमुने धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवावे लागत. जेथे नमुन्यास दुसऱ्या जिल्ह्याचा प्रवास करावा लागतो तेथे सौम्य आजाराची मोजदाद होत नाही आणि छेद लहान राहतो, ह्यात नवल कसले?

परंतु ह्यावरून ‘जळगावचा आकडा म्हणजे केवळ गणिती आभास’ असा सोयीस्कर निष्कर्ष कोणी काढील तर तोही आम्हांस मान्य नाही. त्याच जूनमध्ये जिल्हा रुग्णालयातून ‘बेपत्ता’ झालेली एक वृद्ध रुग्ण आठवडाभराने त्याच रुग्णालयाच्या शौचालयात मृतावस्थेत सापडली. अधिष्ठात्यांसह अधिकाऱ्यांवर निलंबनाची पाळी आली आणि जिल्हाधिकारीही बदलले गेले. ह्या घटनेचे वैद्यकीय व नैतिक अंग सर्वांस ठाऊक आहे. तिचे गणिती अंग कोणी बोलून दाखविले नाही. ज्या इमारतीत आपल्याच भिंतींच्या आत निजलेल्या मृताची मोजणी होत नाही, त्या इमारतीतून निघालेल्या आकड्यांवर दशांश चिन्हापुढील दोन स्थळांपर्यंत भाकीत करणे हा कोणत्या जातीचा विनोद म्हणावा? तेव्हा जळगावच्या त्या भयंकर प्रमाणात छेदाचा दोष किती आणि उपचारांतील हयगयीचा किती, हे वेगळे करून सांगणे अवश्य होते. ते वेगळे न करता येणे, हीच अनिश्चितता. आणि ती मोजण्याऐवजी एका पक्षाने ‘सगळा आकड्यांचा खेळ’ म्हणून अंग काढून घेतले, तर दुसऱ्याने ‘सगळा हलगर्जीपणा’ म्हणून हात झटकले.

भाकीत राहू द्या. झालेल्या मृत्यूंची मोजणी तरी निश्चित असते काय? १६ जून २०२० ह्या एका दिवशी महाराष्ट्र शासनाने पूर्वी न नोंदलेले १,३२८ मृत्यू एकदम जाहीर केले. हे चालू साथीचे झाले. शंभर वर्षांपूर्वीचे पाहा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात किती माणसे मेली? सरकारच्या आरोग्याधिकाऱ्याने तात्काळ केलेला अंदाज सुमारे साठ लाखांचा. १९२१ च्या खानेसुमारीच्या अहवालात तो सव्वा कोटीच्या घरात गेला. १९५१ साली किंग्सले डेव्हिस ह्यांनी तो १ कोटी ८५ लाखांवर नेला. १९८६ साली मिल्स ह्यांनी १ कोटी ७० ते ८० लाख म्हटले. आणि २०१२ साली चंद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १ कोटी ३९ लाखांच्या जवळपास आणून ठेवला. साठ लाख आणि पावणेदोन कोटी! ह्यात कोणी गणितात कच्चा होता असे नव्हे. पाऊस हुकलेल्या त्या वर्षी ज्यांनी जन्ममृत्यूंची नोंद करावयाची ते गावकामगारच तापाने फणफणले होते, आणि जी नोंद झाली ती बहुतेक ‘ताप’ ह्या एका शब्दाखाली गेली.

शंभर वर्षांनी आपण किती पुढे गेलो? २०२१ अखेर भारताचा अधिकृत करोनामृत्यूंचा आकडा ४ लाख ८१ हजारांच्या सुमारास होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांतील जादा मृत्यू ४७ लाखांच्या आसपास, आणि मर्यादा ३३ ते ६५ लाख, अशा सांगितल्या. केंद्र सरकारने त्यावर ‘गणिती प्रतिमानांवरून मृत्यू मोजणे आम्हांस अमान्य’ अशी भूमिका घेतली. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. साथ लवकर संपेल असे सांगताना ज्या सरकारास प्रतिमान प्रिय होते, त्याच सरकारास मृत्यू अधिक होते असे सांगणारे प्रतिमान अशास्त्रीय वाटू लागले! पुढे मे २०२५ मध्ये सरकारचीच नागरी नोंदणी प्रसिद्ध झाली. २०१९ साली सुमारे ७६ लाख, २०२० साली ८१ लाख आणि २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ, आणि त्या वर्षीचे अधिकृत करोनामृत्यू सुमारे ३.३ लाख. वाढीतील काही भाग नोंदणी सुधारल्याचा असेल, काही इतर कारणांचा असेल; हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ही नोंद चार वर्षांनी हाती यावी, आणि तोवर दोन्ही पक्षांनी एकमेकांवर चिखलफेक करीत बसावे, ह्यास काय म्हणावे?

ह्या ठिकाणी धुळ्याचे स्मरण होते. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांचा अंत ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून तेथे उभे आहे. राजवाड्यांनी आयुष्यभर एकच हट्ट धरला: आधी साधने, मग सिद्धान्त. फाटकी दप्तरे, उधईने खाल्लेले कागद ह्यांसाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. कारण अस्सल कागदावाचून लिहिलेला इतिहास म्हणजे कादंबरी, हे त्यांस ठाऊक होते. साथीच्या गणिताचे अस्सल कागद म्हणजे नगरपालिकेची मृत्युनोंद, स्मशानाची वही, कबरस्तानाची वही, रुग्णालयाचे दप्तर. ज्या खानदेशाने तीनशे वर्षांपूर्वीच्या पत्रांसाठी कपाटे बांधली, त्याने कालपरवा मेलेल्यांच्या नोंदींसाठी एक फळीही राखू नये, ही आमच्या मते करोनाहूनही जुनाट व्याधी आहे.

आता उरलेल्या दोन आक्षेपांचा परामर्श घेऊ. पहिला आक्षेप व्यवहारी माणसांचा: ‘जिल्हाधिकाऱ्यास खाटा किती मांडाव्यात ते ठरवावयाचे असते, त्याला मर्यादा नकोत, एक आकडा हवा.’ ह्यास आमचे उत्तर असे की, त्याला एक आकडा हवा हे खरे. परंतु तो मधला नव्हे. १८७२ साली पांझरेला पूर येऊन धुळ्यातील शेकडो घरे वाहून गेली. ह्या नदीवर पूल बांधणारा इंजिनियर तिचे सरासरी पाणी विचारीत बसत नाही. सरासरी काढली तर पांझरा म्हणजे गुडघाभर पाणी! तो सर्वांत मोठ्या पुराची रेषा विचारतो आणि तिच्या वर हात दोन हात राखतो. खाटा अधिक मांडल्या आणि रिकाम्या राहिल्या तर पैसा वाया जातो. कमी मांडल्या तर माणसे वाया जातात. ही दोन नुकसाने ज्यास सारखी वाटतात त्याने खुशाल मधला आकडा घ्यावा. वरची मर्यादा लपवून मधला आकडा देणारे भाकीत म्हणजे पुराची रेषा पुसून बांधलेला पूल होय.

दुसरा आक्षेप अधिक मानभावी आहे: ‘लोक घाबरतील, सामान्य माणसास अनिश्चितता समजत नाही.’ हे म्हणणाऱ्यांनी एकदा मृगाच्या तोंडावर खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेतात जावे. पाऊस येईल की न येईल हे त्यास ठाऊक नसते, आणि ठाऊक नाही हे मात्र पक्के ठाऊक असते. म्हणून तो सगळे रान एकट्या कपाशीस देत नाही. थोडी ज्वारी पेरतो, कडेला तूर लावतो, दुबार पेरणीपुरते बियाणे घरात राखतो. घटमांडणी तोही ऐकतो, परंतु तिच्यावर घर गहाण टाकीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अनिश्चिततेत संसार केलेल्या ह्या माणसास ‘तीनशे ते तीन हजार’ ह्याचा अर्थ कळणार नाही, असे शहरातील विद्वानांनी समजावे, ह्यात अडाणी कोण? लोक घाबरतात ते मर्यादा ऐकून नव्हे. काल शून्य सांगितलेला आकडा आज हजार झालेला पाहून घाबरतात, आणि मग त्यांचा विश्वास उडतो तो कायमचा.

उलट बाजूने, अट विसरणारेही कमी नाहीत. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी ‘काहीच उपाय न केल्यास’ ब्रिटनमध्ये पाच लाख दहा हजार माणसे मरतील असे अनुमान प्रसिद्ध केले. उपाय झाले, आणि त्या साथीत तितकी माणसे मेली नाहीत; तर ‘भाकीत फसले’ म्हणून टाळ्या पिटणारे निघाले. धरण बांधल्यावर गाव बुडाले नाही, म्हणून पुराचा अंदाज देणाऱ्यास वेड्यात काढण्याचाच हा प्रकार.

तेव्हा आमची मागणी थोडक्यात अशी. ज्या कोणास साथीतील मृत्यूंचे भाकीत अधिकाराच्या आसनावरून सांगावयाचे असेल त्याने चार गोष्टींवाचून ते सांगू नये: खालची व वरची मर्यादा, कोणत्या अटींवर ती अवलंबून आहे ते, कोणत्या तारखेपर्यंतच्या कोणत्या नोंदींवरून ती काढली ते, आणि मुदत भरल्यावर भाकीत व प्रत्यक्ष ह्यांचा ताळा जाहीर करण्याचे वचन. ह्या चौथ्या गोष्टीने गणित आणि घटमांडणी ह्यांतील भेद कायमचा उघड होईल. कारण दहा वेळा नव्वद टक्के खात्री सांगणाऱ्याचे भाकीत नऊच्या आसपास वेळा मर्यादेत पडले पाहिजे, आणि पाचच वेळा पडत असेल तर त्याची खात्रीच खोटी, हे कोणासही बोटांवर मोजता येते. ह्याच्या जोडीस जळगाव व धुळे येथील नगरसंस्थांनी सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंची संख्या दर आठवड्यास फळ्यावर लावावी. साथ असो वा नसो. मागच्या पाच वर्षांच्या त्याच आठवड्याशी ती ताडून पाहिली की रोगाचे नाव, तपासणीचा छेद, वरून आलेला हुकूम ह्यांपैकी कशाचीही लबाडी तेथे फार काळ टिकत नाही. जळगावच्या विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव देऊन झाले. तेथील गणित व संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ह्या नोंदींचा ताळा ठेवण्याचे काम अंगावर घेतले तर ते नाव सार्थही होईल.

आकड्यांत शंका असणे ही शास्त्राची नामुष्की नव्हे; शंका लपविणे ही आहे. पुढची साथ केव्हा येईल हे आम्ही सांगणार नाही. ते भेंडवळच्या मंडळींस विचारावे. मात्र ती येईल त्या दिवशी नगरपालिकेच्या फळ्यावर मागच्या आठवड्यातील मृतांचा खरा आकडा लिहिलेला असेल की नाही, हे आजच ठरविता येण्याजोगे आहे. आणि ते ठरविणे कोणा दिल्लीच्या तज्ज्ञाच्या हाती नसून, ज्यांच्या घरचे मृत्यू त्या फळ्यावर लिहिले जावयाचे त्या आपल्याच हाती आहे.